ओंटारिओच्या हायलँड गेम्समध्ये सोलो पायपिंग : साताऱ्यात राहून तयारी कशी करायची?

चारभिंती_सातारा

नमस्कार मंडळी. निवृत्त माणूस आहे, नोकरी पलटणीच्या पाइप बँडमध्ये झाली. मे ते सप्टेंबर मुलाकडं ओंटारिओत असणार आहे. तिथल्या हायलँड गेम्समध्ये (स्कॉटिश पद्धतीचे खेळ आणि संगीताचे मेळावे) सोलो पायपिंगला, म्हणजे एकट्यानं बॅगपाइप वाजवायच्या स्पर्धेला, अगदी खालच्या ग्रेडमधून उतरायचा विचार आहे. मॅक्सव्हिल गावचे ग्लेनगॅरी गेम्स ऑगस्टच्या सुरुवातीला असतात, ते धरून चालू. निघेपर्यंत हातात सात महिने आहेत.

साहित्य: मीरतचा शिसवी संच, कातडी पिशवी, ड्रोनला (एकच सूर धरणाऱ्या तीन नळ्या) वेताच्या रीड (कंप पावणाऱ्या पात्या), चँटर (बोटांनी वाजवायची भोकांची नळी) संचासोबत आलेला. स्टाफ नोटेशन वाचता येतं. बँडमध्ये वाजवण्याची सवय आहे, एकट्यानं परीक्षकापुढं उभं राहण्याची नाही.

विचारायचं ते असं:
१) हाच संच चालेल की बदलावा?
२) साताऱ्यात सुरात लावून देणारं कोणी नाही. कानानं कुठवर जाता येईल?
३) परीक्षक नेमकं कशाला गुण कापतात?
४) विमानातून नेताना काय बघायचं?

---

मिरज_तंबोरा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथं आपल्या भागातल्या माणसाला उलट फायदाच आहे. तंबोऱ्यावर तयार झालेला कान असेल तर अर्धं काम झालं.

लो ए हा सा धरा. मग चँटरचे नऊ सूर असे बसतात: लो जी म्हणजे खालचा कोमल नी, लो ए सा, बी रे, सी ग, डी शुद्ध म, ई प, एफ ध, हाय जी कोमल नी, हाय ए तार सा. थोडक्यात खमाज थाट. कागदावर सी आणि एफला शार्पचं चिन्ह नसतं, तरी वाजतात ते शार्पच. दोन टेनर ड्रोन लो ए च्या एक सप्तक खाली आणि बेस दोन सप्तकं खाली. तिन्ही ड्रोन नुसता सा धरून बसतात, पंचमाची तार नाही.

आता पट्टी. सोलो वाजवणाऱ्यांचा लो ए हल्ली साधारण ४७८ ते ४८२ हर्ट्झच्या आसपास असतो. ४८० म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये. तंबोऱ्याच्या ॲपवर काळी पाच निवडा, बारीक सूर ५० सेंट (सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर न्या, प चा आवाज बंद करा आणि नुसत्या सा वर चँटरचा एकेक सूर लांब धरून बघा. फोनमधला ट्यूनर वापरायचा असेल आणि तो ४८० पर्यंत जात नसेल, तर त्याचा ए ४५३ वर ठेवा. मग ए शार्पच्या जागी ४८० येतो. (बी तिथं सी दिसेल, सी दिसेल डी. गोंधळ होतो, एक चिठ्ठी करून चिकटवा.)

पण ट्यूनरचा काटा मध्यभागी आणायचा नाही! हार्मोनियमच्या भाषेत बोलणारं यंत्र आहे ते. ड्रोनशी जुळणारे सूर काट्यावर असे दिसतात: बी +४, सी –१४, डी –२, ई +२, एफ –१६, हाय जी –३१ सेंट. सी आणि एफ काट्यावर शून्याला आणले की ड्रोनबरोबर चावतात. हार्मोनियमचा गंधार तंबोऱ्यावर का बोचतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला यापुढं काही सांगायला नको.

लावण्याचा क्रम: आधी चँटर स्वतःशी जुळवा, ड्रोन बंद ठेवून. मग एक टेनर उघडा आणि लो ए शी लावा. मग दुसरा टेनर पहिल्याशी, शेवटी बेस. दोन ड्रोनमधला हेलकावा मंद होत होत थांबला की लागले. ड्रोन लांब केला की सूर उतरतो, आखूड केला की चढतो. शेवटी ई वाजवून बघा, ड्रोनमधला पंचम खुलून वर येतो. नाही आला तर फुंक सरळ नाही.

---

शिसम_आणि_पितळ

तंबोराभाऊंच्या शेवटच्या वाक्यावर शिक्का. फुंक डळमळत असेल तर वरचा सगळा हिशेब पाण्यात.

त्यासाठी घरीच दाबमापक करा. हार्डवेअरच्या दुकानात गवंडी लोकांची लेव्हल पाइप मिळते, पारदर्शक, ती चार मीटर घ्या. फळीवर यू आकारात बसवा, दोन्ही बाजू किमान सव्वा मीटर उभ्या. अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात निळीचे दोन थेंब. एक टेनर काढून त्याच्या स्टॉकमध्ये (पिशवीत बांधलेली लाकडी खोबण) भोक पाडलेला बूच घाला आणि नळीचं टोक त्यातून आत. वाजवताना दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक इंचांत मोजा. मध्यम रीडला साधारण ३० ते ३४ इंच येतो. बाजू आखूड ठेवल्या तर पाणी छतावर जाईल, म्हणून सव्वा मीटर.

बघायचं ते दोनच ठिकाणी: फुंकेवरून हाताच्या दाबावर येताना आणि परत फुंकेवर जाताना. बहुतेकांचा दाब इथं दोन-तीन इंच पडतो किंवा चढतो. एक इंचाच्या आत आणा. रोज दहा मिनिटं नुसता लो ए, मग नुसता ई, पाण्याकडं बघत. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

संचाबद्दल. ड्रोनची भोकं सरळ आणि आतून गुळगुळीत असतील, जोडांत चीर नसेल, तर शिसवी ड्रोन ठेवा. आफ्रिकन ब्लॅकवुडइतका भरीव आवाज येणार नाही, पण खालच्या ग्रेडमध्ये त्यानं निकाल फिरत नाही. चँटर मात्र बदला. संचासोबत येणाऱ्या स्वस्त चँटरमध्ये भोकांच्या जागा आणि आतला निमुळता बोअर यांतच गडबड असते. टेप लावून एक सूर सुधारला की दुसरा बिघडतो. नामांकित कारागिराचा पॉलिपेन्को चँटर घ्या. हे घट्ट प्लास्टिक आहे, साताऱ्याच्या मार्चमध्ये सुकत नाही आणि ओंटारिओच्या दमट जुलैत फुगत नाही. ज्याचा चँटर त्याच्याच शिफारशीची रीड.

ड्रोनला सिंथेटिक रीड बसवा. वेताचा नाद गोड असतो हे मान्य, पण वेत रोज हातात घ्यावा लागतो: जीभ बसली तर तिच्याखाली केस सरकवा, उघडी राहिली तर दोरा सरकवा. परदेशात मुलाच्या घरी हे करत बसायला वेळ नसतो.

पिशवीची हवाबंद परीक्षा: ब्लोपाइप (फुंकायची नळी) सोडून सगळे स्टॉक बुचांनी बंद करा, पिशवी टणक होईपर्यंत फुगवा, ब्लोपाइपच्या टोकावर अंगठा धरून एक मिनिट थांबा. मग परत फुंका. जेमतेम फुंक आत गेली तर ठीक. भरपूर गेली तर गळती आहे. साबणाचं पाणी लावून शिवण आणि स्टॉकचे बांध बघा. ब्लोपाइपची झडप वेगळी तपासा, अर्ध्या वेळा चोर तीच असते. कातडी पिशवीला वर्षातून दोनदा तरी तयार सीझनिंग घाला. मध-काकवीचे जुने नुस्खे नकोत, आपल्याकडं मुंग्या लागतील.

जोडांना गुंडाळायला हेंपचा दोरा नसेल तर चांभाराचा मेणदोरा चालतो. ड्रोनचा सरकता जोड एका हातानं फिरेल इतकाच घट्ट, बाकीचे जोड करकचून. रीडच्या बैठकीला प्लंबरची पांढरी टेप एक-दोन वेढे.

---

टाओरलूथ

हवालदार साहेब, (हुद्दा चुकला असेल तर माफी) आता बोटांचं.

आधी वर्ग समजून घ्या. उत्तर अमेरिकेत बहुतेक संघटनांची उतरंड आकड्यांची: तळाला ५ किंवा ४, मग चढत १ पर्यंत, त्यावर व्यावसायिक. स्कॉटलंडमधली पद्धत वेगळी, सी, बी, ए आणि प्रीमियर अशी. ओंटारिओत संघटनेचं सदस्यत्व आणि ग्रेड निश्चिती आधी होते, गेम्सची नावनोंदणी त्यानंतर, आणि तिला मुदत असते. आयत्या वेळी मैदानावर जाऊन नाव देता येईल असं धरू नका. इथूनच ईमेल करा, बँडमध्ये किती वर्षं वाजवलं ते लिहा. लपवून खालच्या वर्गात शिरलेला माणूस पहिल्याच स्पर्धेत ओळखू येतो आणि वर ढकलला जातो.

खालच्या ग्रेडमध्ये साधारण दोन वेगळे कार्यक्रम असतात. एक मार्च, बहुधा दोन-चारचा (दर बारमध्ये दोन ठोके), चार भागांचा. दुसरा पीबरोख, म्हणजे क्योल मोर, 'मोठं संगीत'. त्यातही फक्त ऊर्लार, फार तर पहिला विस्तार. ऊर्लारचा अर्थच जमीन. आपल्याकडं विलंबितात बंदिशीचा मुखडा मांडतात तसं समजा: ठोका मोजायचा नाही, पण चाल सुटू द्यायची नाही. पलटणीत पीबरोख सहसा होत नाही, म्हणून त्याला आजच हात घाला. मार्च तुम्हाला येतोच, त्याला फक्त दुरुस्त करायचं आहे.

काय दुरुस्त करायचं?

लय. परेडची १२०ची चाल अंगात बसलेली असते. स्पर्धेतला दोन-चारचा मार्च मिनिटाला ६४ ते ७० ठोक्यांवर वाजतो. आठ बारचे चार भाग, प्रत्येक दोनदा, म्हणजे ६४ बार, १२८ ठोके. ६८च्या लयीत दोन मिनिटांना थोडं कमी. हळू वाजवलं की प्रत्येक अलंकार उघडा पडतो आणि परीक्षकाला तेच हवं असतं. सुरुवात ५६ वर करा.

बोटं. बँडमध्ये शेजारी दहा पाइप असतात, त्यात खपून जाणाऱ्या चुका इथं टाचणी पडल्यासारख्या ऐकू येतात. तीन मुख्य:

पहिली, खोटा सी. सी ला खालच्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका वर, करंगळी बंद. बी वरून सी वर जाताना करंगळी उघडीच राहिली तर सूर वेगळा लागतो. वर्षानुवर्षं तसंच वाजवणारे लोक आहेत.

दुसरी, मधला आवाज. ई वरून डी वर येताना वरच्या हाताची अनामिका खाली आणि खालच्या हाताची तीन बोटं वर, करंगळी खाली, हे सगळं एका क्षणात व्हायला हवं. वरचं बोट आधी बसलं तर मध्ये लो ए डोकावतो. उलट जाताना, डी वरून ई वर, खालचा हात आधी मिटला तरी तोच लो ए. प्रॅक्टिस चँटरवर (पिशवीशिवायची सरावाची नळी) डी-ई-डी-ई, मेट्रोनोम ५०, रोज शंभर वेळा.

तिसरी, चेपलेला टाओरलूथ हा अलंकार. घटक असे: लो जी, त्यावर डी चा कण, परत लो जी, मग ई चा कण आणि लो ए. दोन्ही लो जी ऐकू यायला हवेत आणि सारखे. घाईत दुसरा लो जी गिळला जातो. बर्ल या अलंकारातही तेच, करंगळीचे दोन्ही फटके स्वतंत्र.

आणि तालाचा नखरा: टिंबवाला सूर लांब, त्यामागचा आखूड सूर खरंच आखूड. सगळं सारखं वाजवलं तर परीक्षकाच्या पानावर 'राउंड' असा शेरा येतो. मात्र स्ट्रॅथस्पे या नाचाच्या चालीसारखं टोकदारही करू नका, मार्च आहे तो.

सराव कसा वाटायचा: प्रॅक्टिस चँटरवर पाऊण तास, पाइपवर अर्धा. उलटं करणारे लोक चुका घट्ट करून ठेवतात.

---

चारभिंती_सातारा

हुद्दा बरोबर ओळखलात! सगळ्यांचे आभार. कागद काढून एकेक करतोय. दोन अडचणी लगेच दिसल्या.

नळीवर दाब ३८ ते ४० इंच येतोय. आणि लो ए तंबोऱ्याशी लागला की हाय ए उतरलेला राहतो, बराच, २० सेंटच्या आसपास. आणखी एक, वीस मिनिटांनी बेस ड्रोन मुका होतो.

---

शिसम_आणि_पितळ

चाळीस म्हणजे रीड कडक आहे. परेडवर आवाज लांब जावा म्हणून बँडमध्ये कडक रीड घालतात, सोलोला तिची गरज नाही. तळावर, बांधणीच्या जरा वर, अंगठा आणि तर्जनीनं दोन्ही पाती हलकेच दाबा, वाजवून बघा, परत दाबा. एकदम जोर लावला तर रीड गेलीच. नवी रीड पहिल्या आठवड्यात रोज पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका. निघण्यापूर्वी वापरात मुरलेल्या तीन रीड तयार ठेवा, एकीवर विसंबू नका.

हाय ए उतरलेला आहे तर रीड बैठकीत अगदी थोडी, अर्धा मिलिमीटर, खोल बसवा. खोल गेली की सगळेच सूर चढतात पण वरच्या हाताचे जास्त. मग लो ए सुद्धा किंचित वर येईल, ड्रोन त्याला लावा. त्यानंतर चढलेले राहतील त्या भोकांच्या वरच्या कडेला टेप, एका वेळी केसभर. टेपनं सूर फक्त उतरतो, चढवता येत नाही. म्हणून आधी रीड, नंतर टेप.

बेस मुका होणं म्हणजे पाणी. फुंकेतली वाफ थंड होऊन रीडवर बसते. ब्लोपाइपला पाणी अडवणारी नळी लावा, वाजवून झालं की स्टॉक आतून पुसा, आणि चँटर काढून रीडवर टोपी घाला. पिशवीत तसाच ठेवून झोपू नका.

---

मिरज_तंबोरा

हाय जी बद्दल एक पुरवणी, नाहीतर कोणीतरी भांडायला येईलच. –३१ हा उतरलेला कोमल नी आहे. काही जुने वाजवणारे तो –४ च्या जवळ ठेवतात. ड्रोनवर दोन्ही ऐका. मला उतरलेला गोड लागतो, आणि हल्लीचे बरेच चँटर त्याकडंच झुकलेले असतात.

उष्णतेचा हिशेबही ठेवा. हवेचं तापमान एक अंश वाढलं की ४८० चा सूर सुमारे ०.८ हर्ट्झ चढतो. सावलीतल्या २० अंशांवरून उन्हातल्या ३० वर गेलात तर आठ हर्ट्झ! चँटर पटकन चढतो, ड्रोन मागं राहतात. म्हणून खोलीत लावून मैदानात जायचं नाही. जिथं वाजवायचं तसल्याच उन्हात किंवा सावलीत उभं राहून लावायचं. सराव अधूनमधून साताऱ्याच्या चार भिंतींच्या टेकडीवर करा, वाऱ्यात. वारा चँटरच्या तोंडात किंवा ड्रोनच्या टोकांवर सरळ येणार नाही असं वळून उभं राहायचं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली ज्याचा सूर टिकला त्याला कॅनडातला वारा काय करणार?

---

पेटी_बांधलेली

चौथा प्रश्न राहिला, तो मी घेतो.

शिसम आणि आफ्रिकन ब्लॅकवुड दोन्ही डालबर्जिया प्रजातीतली. २०१७ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय ने-आणीवर साइट्सचं (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा जागतिक करार) बंधन आलं; २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे सुटे भाग त्यातून वगळले. त्यामुळं लाकडाची भीती नाही. भीती हस्तिदंताची. जुन्या संचाला पांढऱ्या कड्या असतील तर त्या कशाच्या आहेत हे खात्रीनं माहीत असल्याशिवाय नेऊ नका.

जाताना विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना 'हे तिकडं विकत घेतलं' असा वाद होत नाही. वाद्याचे फोटो आणि पावती असेल तर सोबत. आणि तपासणीच्या रांगेत 'यात तीन ड्रोन आहेत' असं बोलू नका. बॅगपाइप म्हणा, वाद्य म्हणा. ड्रोन म्हटलं की चारजण जमतील आणि उडवून दाखवा म्हणतील.

संच हातातल्या बॅगेत न्या, सांधे सोडवून, चँटर आणि रीड वेगळ्या डबीत. विमानातली हवा फार कोरडी असते. रीडच्या डबीत ओलाव्याची छोटी पुडी ठेवा. पोचल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण ताकदीनं वाजवू नका.

---

टाओरलूथ

मैदानाचं थोडं.

वेश सक्तीचा असतो: किल्ट (चौकड्यांचा घागरा), स्पोरन (कमरेपुढची थैली), लांब मोजे, जाकीट किंवा वेस्टकोट, ग्लेनगॅरी टोपी. तिकडं भाड्यानं मिळतो, इथून शिवून नेऊ नका. मोज्यातला छोटा सुरा, स्किअन डू, घेतलात तर चेक-इन सामानात.

वर्गाची वेळ आणि मंच आदल्या दिवशी बघून ठेवा. मंचापाशी यादी घेऊन उभा असतो त्याला स्टुअर्ड म्हणतात. गेल्या गेल्या त्याला नाव सांगा. वाजवण्याच्या अर्धा तास आधी पाइप गरम करायला घ्या, तासभर आधी नको. ओठ थकतात आणि रीड भिजते. परीक्षकाला नाव आणि गतीचं नाव सांगायचं, मग सूर लावायला मोजका वेळ. तो पूर्ण वापरा, पण सूर लावताना स्पर्धेची गत वाजवू नका. दोन ओळींची संथ चाल पुरते.

सुरुवात: पिशवीवर एक ठोस फटका, तिन्ही ड्रोन एकदम, लगेच ई. फटका मऊ पडला तर ड्रोन दोन सुरांत रडत सुरू होतात, आणि दाब आधी चढला तर चँटर किंचाळतो. शेवट: ड्रोन आणि चँटर एकत्र थांबले पाहिजेत. हात पिशवीवरून झटकन उचलायचा. शेवटचा सूर संपून ड्रोन गुरगुरत राहिला तर ते परीक्षकाच्या कानात राहतं.

मार्चला मंचावर सावकाश, लयीत चाला. परेडसारखी टाच आपटू नका. मध्येच गत विसरली तर थांबू नका, पुढच्या बारमध्ये शिरा. चुकलेला सूर गुण खातो, थांबलेली गत बहुतेक ठिकाणी थेट तळाला जाते. चार भागांच्या मार्चमध्ये लोक हमखास हरवतात ते तिसऱ्या भागाच्या शेवटी, कारण शेवटचे दोन बार बहुधा सगळ्या भागांचे सारखेच असतात. प्रत्येक भाग वेगळा सुरू करून वाजवायचा सराव करा: ३, १, ४, २.

ओंटारिओत परीक्षकाचं शेरे लिहिलेलं पान मिळतं, ते मागून घ्या. पुढच्या गेम्सपर्यंत त्यातला एकच शेरा निवडून त्यावर काम करा.

---

चारभिंती_सातारा

रीड अर्धा मिलिमीटर खोल बसवली. हाय ए आता ५ सेंटवर आला, एफ मात्र चढला. टेप लावतोय. बाकी, बी वरून सी वर जाताना करंगळी खरंच उघडी राहत होती.

---

शिसम_आणि_पितळ

एफच्या भोकावर टेप लावलीत की हाय जी परत तपासा, तोही थोडा हलतो.